जागा सोडणारी गिटार

पहिल्या दिवशी मेस्तनी, म्हणजे माझ्या जॅझ गिटारच्या गुरूंनी, मला सोलो (एकट्यानं पुढे होऊन वाजवणं) वाजवूच दिला नाही. फोंड्याहून कदंबच्या बसनं, गिटार मांडीवर उभी धरून मी पणजीला गेलो होतो. दहा-बारा स्केल्स, म्हणजे आरोह-अवरोहाच्या स्वरमालिका, पाठ होत्या आणि त्या दाखवायची घाई होती. मेस्तनी दोन मिनिटं ऐकून घेतलं, स्वतःची गिटार उचलली आणि म्हणाले, "हांव वाजयतां, तूं साथ कर." मी सहाही तारांवरून हात फिरवत भरगच्च कॉर्ड्स, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे गुच्छ, वाजवायला लागलो. दोन आवर्तनं झाली नसतील, तोच त्यांनी हात वर केला. "चड वाजयनाका. म्हाका जागो दवर." जास्त वाजवू नकोस, मला जागा ठेव.

जागा. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. बाबा गावच्या भजनात पेटीची साथ करायचे. गवयानं एखादी सुंदर जागा घेतली की माना डोलायच्या. पण ती जागा घेता यावी म्हणून पेटीवाला आधी ती मोकळी ठेवतो, हे मला एका जॅझ गिटारवाल्यानं सांगेपर्यंत कळलं नव्हतं.

जॅझमध्ये या साथीला 'कॉम्पिंग' म्हणतात. ती कमीत कमी स्वरांत का करायची, याचं पहिलं कारण आपल्या कानात आहे. कानाच्या आतल्या शंखासारख्या नळीत एक पातळ पडदा असतो. वेगवेगळ्या वारंवारितेचे स्वर त्या पडद्याच्या वेगवेगळ्या भागाला हलवतात. दोन स्वर फार जवळचे असले, तर त्यांचे भाग एकमेकांवर चढतात आणि ऐकणाऱ्याला स्वच्छ जोडीऐवजी खरखर जाणवते. प्लॉम्प आणि लेव्हेल्ट या डच संशोधकांनी १९६५ मध्ये हे नीट मांडलं. खर्जात ही अडचण जास्त होते. नवशिक्याला पहिल्याच आठवड्यात शिकवतात ती 'जी मेजर' नावाची कॉर्ड घ्या. तिच्यातले सगळ्यात खालचे दोन स्वर साधारण ९८ आणि १२३ हर्ट्झचे असतात, म्हणजे अंतर जेमतेम २५ हर्ट्झ. तेच दोन स्वर दोन सप्तकं वर नेले, तर ३९२ आणि ४९४ होतात, अंतर शंभराच्या वर जातं आणि कान ते सहज वेगळे करतो. त्यात शेजारी बास हे खर्जाचं वाद्य वाजत असतं आणि कॉर्डचा मूळ स्वर त्यानं आधीच दिलेला असतो. तोच स्वर त्याच खर्जात गिटारनं परत वाजवला की चिखल होतो.

मग उरतं काय? दोन स्वर. मेस्तनी पुढचा सगळा महिना मला तेवढेच वाजवायला लावले, आणि आजही मला वाटतं की जॅझ गिटारचं अर्धं व्याकरण त्या दोन स्वरांत आहे.

पेटीवाल्यांच्या भाषेत सांगतो. पांढरी एक म्हणजे सा धरा. जॅझमध्ये सगळ्यात जास्त वेळा येणारी कॉर्ड्सची मालिका तीन पायऱ्यांची असते: पहिली कॉर्ड रिषभावरची, दुसरी पंचमावरची, तिसरी षड्जावरची. प्रत्येक कॉर्डचा स्वभाव तिच्या मूळ स्वरापासूनचा तिसरा आणि सातवा स्वर ठरवतात. रिषभाच्या कॉर्डमध्ये ते म आणि सा. पंचमाच्या कॉर्डमध्ये नी आणि म. षड्जाच्या कॉर्डमध्ये ग आणि नी. आता हे एकाखाली एक लावा: म-सा, म-नी, ग-नी. पहिल्या बदलात सा फक्त अर्धा स्वर उतरून नी होतो, म जागचा हलत नाही. दुसऱ्यात म अर्धा स्वर उतरून ग होतो, नी जागचा हलत नाही.

गिटारवर हे डोळ्यांनाही दिसतं. चौथ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेल्या घरात) एक बोट ठेवा, तो म. तिसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर दुसरं, तो सा. दोन्ही तारा एकदम छेडा. मग दुसरं बोट एक फ्रेट मागे घ्या. मग पहिलं बोट एक फ्रेट मागे घ्या. झालं. तीन कॉर्ड्स बदलल्या आणि हात जवळजवळ जागचा हललाच नाही. मधल्या पायरीवर म आणि नी यांच्यात तीन पूर्ण स्वरांचं अंतर असतं. ती जोडी अस्वस्थ असते, तिला कुठेतरी जायचं असतं. मध्यम गंधाराकडे ओढला जातो हे गाणाऱ्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. ती ओढ पहिल्यांदा बोटाच्या टोकाला जाणवली, त्या संध्याकाळी परतीच्या बसमध्ये मी मांडीवरच बोटं हलवत होतो.

साथीचा हा पाठ सोलोच्या आधी का, याचं उत्तर वेगाच्या साध्या हिशेबात सापडतं. मिनिटाला २०० मात्रांची लय जॅझमध्ये काही फार नवलाची नाही. त्या लयीत एका मात्रेला ३०० मिलिसेकंद मिळतात आणि मात्रेचे दोन भाग केले तर एका स्वराला १५०. आवाज ऐकून माणसानं नुसतं बटण दाबायचं म्हटलं, तरी साधारण तेवढाच वेळ जातो. म्हणजे एक स्वर ऐकला, विचार केला, मग पुढचा निवडला, असं या लयीत होऊच शकत नाही. वाजवणाऱ्याचा मेंदू पुढे पळत असतो. दोन मात्रांनी कॉर्ड कुठे उतरणार, याचा अंदाज त्यानं आधीच बांधलेला असतो आणि बोटं त्या अंदाजाकडे निघालेली असतात. तबलजी तिहाईची सुरुवात करतो, तेव्हा सम किती दूर आहे हे तो मोजत बसत नाही. समेचं ओझं अंगात आलेलं असतं, तसंच हे आहे. हा अंदाज कमवायची जागा म्हणजे साथ. तीच मालिका हजार वेळा दुसऱ्यासाठी वाजवली की ती स्वतःला सांगावी लागत नाही. आजकाल मुलांना पहिल्या दिवसापासून स्केल्स घोकायला लावतात. मला ते मनापासून चुकीचं वाटतं. शब्दकोश पाठ करून कुणी बोलायला शिकत नाही.

लयीचंही तसंच. जॅझची झुलती चाल, म्हणजे स्विंग, मात्रेचे दोन असमान तुकडे करते, पहिला लांब आणि दुसरा आखूड. हे प्रमाण ठरलेलं नसतं. फ्रिबर्ग आणि सुंडस्ट्रॉम यांनी २००२ मध्ये नामांकित ड्रमवादकांची ध्वनिमुद्रणं मोजली. संथ लयीत लांब तुकडा आखूड तुकड्याच्या साडेतीन पटीपर्यंत जात होता आणि अतिद्रुत लयीत दोन्ही जवळपास सारखे होत होते. २०२२ मध्ये जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या संशोधकांनी ४५६ सोलोंचा साठा तपासून आणखी बारीक गोष्ट दाखवली. सोलो वाजवणारा मात्रेवरचे स्वर साथीदारांपेक्षा सरासरी ३० मिलिसेकंद उशिरा टाकतो, पण दोन मात्रांमधले स्वर साथीदारांबरोबरच ठेवतो. श्रोत्याला हा उशीर वेगळा ओळखू येत नाही, पण अंग डोलू लागतं. आणि उशीर दिसायचा, तर साथीदाराची मात्रा खांबासारखी उभी असायला हवी. साथीदारही मागे रेलला, तर सगळेच संथ होतात आणि झोका संपतो.

हवेत आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे ड्रम दहा मीटर दूर ठेवला, तर त्याचा ठोका तुमच्यापर्यंत ३० मिलिसेकंद उशिरा येणार, नेमका स्विंगमधल्या त्या लाडक्या उशिराएवढा, फक्त नको तिथे. हे मला एका लग्नाच्या प्रशस्त लॉनवर कळलं. स्टेज मोठं होतं, मी ड्रमपासून पार दुसऱ्या टोकाला उभा होतो आणि रात्रभर मला वाटत राहिलं की ड्रमवाला मागे खेचतोय. आमच्या गोव्यातल्या घुमट आरतीत घुमट आणि शामेळ ही तालवाद्यं आणि कासाळं, म्हणजे झांजा, वाजवणारे गुडघ्याला गुडघा लावून बसतात, त्यामागे कानांचं हेच शहाणपण असणार.

अमेरिकन जॅझ पियानोवादक काउंट बेसीच्या बँडमध्ये १९३७ पासून १९८७ मध्ये मरेपर्यंत फ्रेडी ग्रीन गिटारवर जवळजवळ फक्त साथच करत राहिले. जवळजवळ पन्नास वर्षं, दर मात्रेला एक हलका आघात. त्यांच्या कॉर्डमधले एक-दोन स्वरच खरे वाजायचे, बाकीच्या तारांवर बोटं नुसती टेकलेली. ग्रीन ओळखले जातात ते साध्या, बिनविजेच्या गिटारसाठी. पण सोलो वाजवायला गिटारला वीज लागलीच. तार छेडली की तिचा आवाज लगेच ओसरू लागतो, पेटीसारखा भात्यावर धरून ठेवता येत नाही. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या गर्दीत एकेरी तार कुणाला ऐकू जाणार? गिटारच्या तारांखाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं बसवलं, कंपनामुळे चुंबकीय क्षेत्र बदलू लागलं आणि त्यातून वीज निघाली. १९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चन हा गिटारवादक क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला आणि गिटार साथीच्या खुर्चीवरून पुढे सरकली. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. पंचविसाव्या वर्षी क्षयानं गेला.

आता डोक्याच्या आतलं. २००८ मध्ये चार्ल्स लिंब आणि अ‍ॅलन ब्रॉन यांनी सहा जॅझ पियानोवादकांना एफएमआरआय यंत्रात, म्हणजे मेंदूचा कुठला भाग काम करतोय हे दाखवणाऱ्या यंत्रात, झोपवलं, मांडीवर छोटा कीबोर्ड दिला आणि आधी पाठ केलेली धून, मग मनानं काहीतरी वाजवायला सांगितलं. मनानं वाजवताना कपाळामागच्या मेंदूचा बाजूचा भाग, जो स्वतःवर नजर ठेवतो आणि चुका धरतो, तो शांत झाला. मधला भाग, ज्याचा संबंध स्वतःची गोष्ट सांगण्याशी जोडतात, तो जागा झाला. या प्रयोगाची बातमी सगळीकडे पोचली आणि त्यातून एक सोयीस्कर समज पसरला: डोकं बंद करा, उपज आपोआप येईल.

ती येत नाही. हे दाखवणारं काम गिटारवादकांवरच झालं, म्हणून मला ते जास्त जवळचं वाटतं. फिलाडेल्फियातल्या ड्रेक्सेल विद्यापीठात ३२ जॅझ गिटारवादकांच्या डोक्यावर ईईजीची, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणारी, टोपी चढवून त्यांना ध्वनिमुद्रित साथीवर सोलो वाजवायला लावले. त्यात शिकाऊही होते आणि मुरलेलेही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात असं दिसलं की तंद्री लागण्याचा अनुभव मुरलेल्यांना जास्त वेळा आणि जास्त खोल आला, आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचा पुढचा, ताबा ठेवणारा भाग मंदावला. कमी अनुभवाच्या वादकांत असा फरक फारसा दिसलाच नाही. सोडून देण्यासाठी आधी हातात काही असावं लागतं.

मेस्तना हे सगळं मी एकदा उत्साहानं सांगितलं. त्यांनी लहानपणी चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे लिहिलेले स्वर नावांनी गाऊन वाचणं, शिकलं होतं, व्हायोलिनवर सुरुवात केली होती. गोव्यातल्या कित्येक पिढ्या अशाच घडल्या. नोटेशन वाचता येतं म्हणून मुंबईच्या हॉटेलांत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत त्यांना मागणी होती. हळदोण्याचा चिक चॉकलेट तिथे ट्रम्पेट वाजवून गाजला. गोमंतकीय कुटुंबात १९३६ साली मुंबईत जन्मलेले अमान्सियो डिसिल्वा गिटार घेऊन लंडनला गेले आणि जॅझमध्ये रागांचे स्वर मिसळू लागले. मेस्तनी शांतपणे ऐकलं, मग गिटारकडे बोट केलं. म-सा, म-नी, ग-नी. परत.

त्या वर्षी गणेश चवथीला आरत्या संपल्यावर बाबा पेटी घेऊन माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, बसले होते. मी आवाज वाढवणारा ॲम्प न लावता गिटार घेऊन शेजारी टेकलो. ते एक जुनं पद वाजवू लागले आणि मी दोन बोटांनी, दोन तारांवर, त्यांच्या ओळींच्या मधल्या फटीत हलकेच स्वर ठेवत गेलो. बाबांनी मान वळवून एकदा माझ्या हाताकडे बघितलं. कडवं संपलं. पुढची ओळ त्यांनी उचललीच नाही. उजवा हात एका सा वर ठेवला, डावा हात भात्यावर संथ हलत राहिला आणि म्हणाले, "घे."