वजाबाकीत सापडणारं आम्ल

ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये अल्कलाइन पाण्याची मशीनं विकणारे ‘तुमचं शरीर अ‍ॅसिडिक झालंय’ असं बेधडक सांगतात. ही शुद्ध दिशाभूल आहे. जठरातल्या तीव्र आम्लात पडताच त्या पाण्याचा अल्कलाइनपणा संपतो. रक्ताचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ७.३५ ते ७.४५ दरम्यान राखतात ती फुप्फुसं आणि मूत्रपिंडं. त्यांनाही तो आवरेना, की माणसाला कॅज्युअल्टीच गाठावी लागते.

समजा, टाइप १ मधुमेह असलेली कॉलेजातली मुलगी आहे. तापात जेवण गेलं नाही म्हणून तिने इन्सुलिनही टाळलं. आता उलट्या, पोटदुखी आणि खोल, भराभर श्वास. घरच्यांना दमा वाटतो, पण छाती साफ असते. आम्लाचा भार हलका करायला शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत असतं. जर्मन डॉक्टर अ‍ॅडॉल्फ कुसमाउल यांनी या श्वासाचं वर्णन १८७४ मध्येच केलं होतं. मनगटाच्या धमनीतलं रक्त तपासलं की काही मिनिटांत कळतं: पीएच ७.२, आणि आम्ल शमवणारं बायकार्बोनेट २२ ते २६ हवं तिथे फक्त ९.

आम्ल आहे, पण कुठून आलं? इथे येते मला वैद्यकातली सगळ्यात देखणी वाटणारी वजाबाकी. रक्तात धन आणि ऋण विद्युतभार समसमान असतात. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा केलं की साधारण ८ ते १२ उरतात. हा अ‍ॅनायन गॅप, म्हणजे हिशेबात न धरलेले ऋणभार, मुख्यतः अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाचे. या मुलीचं सोडियम १३५, क्लोराइड ९८, बायकार्बोनेट ९. गॅप २८! बायकार्बोनेट आम्ल शमवण्यात खर्ची पडलं आणि त्याच्या जागी दुसराच ऋणभार येऊन बसला. तिच्या बाबतीत कीटोन, म्हणजे इन्सुलिनअभावी चरबी जळताना बनणारी आम्लं. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागतात तेव्हा, बहुधा लॅक्टेट. विषारी दारूत मिथेनॉलपासून झालेलं फॉर्मेट. जुलाबात मात्र बायकार्बोनेट थेट शरीराबाहेर जातं आणि मूत्रपिंडं क्लोराइड राखून ती जागा भरतात: १३५ − ११६ − ९ = १०. बायकार्बोनेट तेवढंच घसरलेलं, तरी गॅप जागच्या जागी. अल्ब्युमिनच कमी असेल तर डेसिलीटरमागे दर १ ग्रॅम घटीसाठी गॅपमध्ये २.५ मिळवायचे, नाहीतर लपलेलं आम्ल निसटतं.

मग बायकार्बोनेटच का टोचू नये? मधुमेहाच्या या अवस्थेत, म्हणजे डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये, पीएच ७ च्या खाली गेल्याशिवाय सहसा ते देत नाहीत. द्यायचं ते सलाइन, इन्सुलिन आणि पोटॅशियम. इन्सुलिन पोटॅशियमला पेशींत ढकलतं. ते आधीच फार कमी असेल तर हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून पहिल्यांदा ते भरून काढतात. इन्सुलिन पोचलं की नवे कीटोन बनणं थांबतं, असलेले जळतात आणि त्यातून बायकार्बोनेट परत तयार होतं. साखर २०० च्या आसपास आली की नातेवाईक म्हणतात, ‘आता इन्सुलिन बंद करा.’ पण गॅप मिटलेला नसेल तर डॉक्टर ते चालूच ठेवतात, सलाइनमध्ये ग्लुकोज जोडतात आणि दर काही तासांनी रक्त पुन्हा तपासतात.