हेवी मेटल आणि उसनी गाणी : कव्हरच्या परंपरेची पार्श्वभूमी

हेवी मेटल, म्हणजे जड, विकृत गिटारींवर उभ्या असलेल्या रॉक संगीताची सुरुवात नेमकी कोणत्या रेकॉर्डपासून धरायची, यावर रसिकांमध्ये आजही वाद होतात; मात्र या वादात जी नावे पुढे केली जातात, त्यांतल्या बऱ्याच रेकॉर्डींवरची महत्त्वाची गाणी मुळात दुसऱ्या कोणाची तरी आहेत, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्लू चीअर या त्रिकुटाने १९६८ साली एडी कॉक्रनचे 'समरटाइम ब्लूज' हे दहा वर्षांपूर्वीचे गाणे इतक्या जाड आणि फाटलेल्या आवाजात वाजवले की मेटलची पहिली चाहूल म्हणून अनेक जण त्याच ध्वनिमुद्रणाचे नाव घेतात. अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते चौदाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले होते. त्याच वर्षी डीप पर्पलला पहिले मोठे यश मिळाले ते 'हश'मुळे, आणि ते गाणे जो साउथ या अमेरिकी गीतकाराचे होते. लेड झेपेलिनच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमवर शिकागोच्या विली डिक्सनची दोन ब्लूज गाणी रीतसर त्याच्या नावानिशी आहेत. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अल्बमवरील 'होल लॉटा लव्ह'मध्ये मात्र त्याचे शब्द घेऊनही नाव दिलेले नव्हते, आणि त्यासाठी डिक्सनने १९८५ मध्ये दावा लावल्यावर तो पुढे आपसात मिटवावा लागला. थोडक्यात, उसने घेणे या संगीताच्या मुळाशीच आहे. म्हणून एखादे कव्हर, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्याची नवी आवृत्ती, मूळ गाण्याशी कितपत प्रामाणिक आहे, एवढ्यावरच त्याची पारख करणे मला अपुरे वाटते. ते गाणे त्या बँडने का उचलले, त्यांना त्याची खरोखर गरज होती का, हा प्रश्न मी आधी विचारतो, आणि आजवरच्या ऐकण्यात त्याच प्रश्नाने मला चांगली आणि फसलेली कव्हरे वेगळी करून दाखवली आहेत.

ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम याचा उत्तम नमुना आहे. बर्मिंगहॅमच्या या चौघांनी तो ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनच्या एका स्टुडिओत जवळपास एकाच दिवसात वाजवून संपवला आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी तो बाजारात आला. पत्र्याच्या कारखान्यातील अपघातात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावलेल्या गिटारवादक टोनी आयोमीचे जड रिफ (गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे), पावसाचा आवाज आणि घंटा यांनी सुरू होणाऱ्या या अल्बमवर दोन कव्हरे आहेत. पहिले 'ईव्हिल वूमन' हे मिनिॲपोलिसच्या क्रो या बँडचे गाणे. ते चालेल या हिशेबाने सॅबथच्या गळ्यात घालण्यात आले होते आणि बँडला ते मनापासून आवडत नव्हते. अमेरिकी आवृत्तीतून ते वगळले गेले आणि त्याच्या जागी बँडचे स्वतःचे गाणे आले. दुसरे 'वॉर्निंग' हे एन्सली डनबर रिटॅलिएशनचे गाणे. ब्लूज वाजवत क्लबांमध्ये काढलेल्या दिवसांची शिदोरी त्यात आहे, आणि दहा मिनिटांच्या या ध्वनिमुद्रणात आयोमी गिटारवर जे शोधत भटकतो, त्यातून पुढच्या सगळ्या सॅबथचा रस्ता निघतो. 'ईव्हिल वूमन' मी क्वचितच पूर्ण ऐकतो. 'वॉर्निंग' मात्र अजूनही मधेच थांबवता येत नाही.

दुसऱ्याचे गाणे वाजवण्याला कायद्याचीही वाट होती. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्याने अशी सोय केली की एकदा गाणे ध्वनिमुद्रित होऊन प्रकाशित झाले, की ठरलेले मानधन भरून कोणालाही ते पुन्हा ध्वनिमुद्रित करता येते. गीतकाराची वेगळी परवानगी लागत नाही, फक्त गाण्याचा मूळ गाभा बदलता येत नाही. भारतात २०१२ च्या दुरुस्तीनंतर मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतरची पाच वर्षे उलटल्याशिवाय असे कव्हर काढता येत नाही. ज्या बँडकडे स्वतःची गाणी पुरेशी नाहीत, त्याला अमेरिकेतील या सोयीचा मोठाच आधार होता.

सत्तरीच्या दशकात ही कला सर्वांत समजून हाताळली ती जूडास प्रीस्टने. जोन बाएझ या लोकगायिकेचे १९७५ चे 'डायमंड्स अँड रस्ट' हे हळवे, आठवणींनी भरलेले गाणे या बँडने १९७७ च्या 'सिन आफ्टर सिन'वर वेगवान गिटारच्या चालीत बसवले, आणि तरीही त्यातली हुरहूर हरवू दिली नाही. गायक रॉब हॅलफर्ड तिथे गळ्याची ताकद दाखवायला जात नाही, शब्द सांभाळून गातो, आणि त्यामुळेच ते टिकले. पीटर ग्रीनने फ्लीटवुड मॅकसाठी १९७० मध्ये लिहिलेले 'द ग्रीन मॅनॅलिशी' मूळ रूपातच भयावह आहे. प्रीस्टने त्यातले भय बाजूला ठेवून दोन गिटारींचा कडक संवाद पुढे आणला. माझी पसंती इथे मूळ गाण्याला आहे. ग्रीनचे ध्वनिमुद्रण ऐकताना एक माणूस खरोखर ढासळत असल्याचे जाणवते, आणि ते कोणत्याही कौशल्याने पुन्हा उभे करता येण्यासारखे नाही. तरीही प्रीस्टच्या मैफलींत ते गाणे इतकी वर्षे वाजत राहिले आहे की नव्या पिढीतील अनेकांना ते त्यांचेच वाटते.

प्रीस्टच्याच वाट्याला कव्हरच्या इतिहासातील सर्वांत वेदनादायक प्रकरण आले. १९७८ च्या 'स्टेन्ड क्लास'साठी, चालेल असे एखादे गाणे हवे या कंपनीच्या अपेक्षेपोटी, स्पूकी टूथ या बँडचे 'बेटर बाय यू, बेटर दॅन मी' घेण्यात आले. डिसेंबर १९८५ मध्ये अमेरिकेतील नेवाडा राज्यात दोन तरुणांनी स्वतःवर गोळ्या झाडून घेतल्या. त्यांतला एक जागीच गेला, दुसरा तीन वर्षांनी. या गाण्यात आत्मघाताला प्रवृत्त करणारा छुपा संदेश दडवला आहे, असा दावा कुटुंबीयांनी लावला. १९९० मध्ये रीनोच्या न्यायालयात तो चालला, आणि ऐकू येतात असे सांगितले गेलेले शब्द म्हणजे गायकाचा उच्छ्वास आणि गिटारचा स्वर यांचा योगायोगाने झालेला मेळ आहे, असे म्हणून न्यायाधीशांनी तो फेटाळला. ज्या गाण्यासाठी बँडला आठवडेच्या आठवडे न्यायालयात बसावे लागले, ते त्यांनी लिहिलेलेच नव्हते, ही गोष्ट त्या काळच्या मेटलविरोधी प्रचारात जवळजवळ कोणी लक्षात घेतली नाही.

या परंपरेचे खरे वळण मात्र इंग्लंडच्या मिडलंड्समधील स्टोरब्रिज या गावातून येते. 'साउंड्स' या साप्ताहिकाने १९७९ मध्ये 'न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल' असे नाव दिलेल्या लाटेत आयर्न मेडन, सॅक्सन आणि डेफ लेपर्ड मोठे झाले. डायमंड हेड हा बँड तितकाच गुणी असूनही मागे राहिला. कोणतीही मोठी कंपनी हाताशी नसल्यामुळे त्यांनी १९८० मध्ये स्वतःच काढलेली रेकॉर्ड कोऱ्या पांढऱ्या वेष्टनात, नावाशिवाय विकली गेली. तिच्यावरील 'ॲम आय ईव्हिल?' हे गाणे गुस्ताव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराच्या 'मार्स' या वाद्यवृंदासाठीच्या रचनेची आठवण करून देणाऱ्या लष्करी ठेक्याने उघडते, ब्रायन टॅटलरच्या गिटारच्या एका झेपेतून मुख्य रिफवर उतरते आणि मध्यावर वेग जवळजवळ दुप्पट करते. मेटलचा जो वेगवान, आक्रमक प्रकार पुढे थ्रॅश मेटल म्हणून ओळखला गेला, त्याचा आराखडा या एका गाण्यात आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन.

लॉस एंजेलिसमध्ये राहणाऱ्या लार्स उलरिक या सतरा वर्षांच्या डॅनिश मुलाच्या हाती ही रेकॉर्ड पडली. १९८१ च्या उन्हाळ्यात तो या बँडला ऐकण्यासाठी एकटाच इंग्लंडला गेला आणि मैफल संपल्यावर त्यांच्याच घरी काही आठवडे राहिला. परतल्यावर त्याने जेम्स हेटफील्डबरोबर मेटॅलिका सुरू केली. मार्च १९८२ मध्ये ॲनाहाइम येथे झालेल्या त्यांच्या पहिल्या कार्यक्रमात स्वतःची गाणी दोनच होती. बाकीची बहुतेक याच ब्रिटिश लाटेतली, आणि त्यांतही डायमंड हेडची सर्वाधिक. ही गाणी कोणाची आहेत हे ते श्रोत्यांना सांगत नसत, आणि समोरच्यांपैकी बहुतेकांनी मूळ गाणी कधी ऐकलेली नसल्यामुळे ती मेटॅलिकाचीच समजली जात. आपल्या संगीत नाटकांच्या जुन्या छापील पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचा उल्लेख करण्याची रीत होती. तिच्याशी ताडून पाहिले तर मेटॅलिकाचे हे मौन खटकते. पण त्यांनी ते फार काळ पाळले नाही, हेही तितकेच खरे आहे. १९८४ मध्ये 'क्रीपिंग डेथ' या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूवर 'ॲम आय ईव्हिल?' आणि ब्लिट्झक्रीग या बँडचे त्याच नावाचे गाणे मूळ रचनाकारांच्या नावांसह आले, आणि उसनवारीची ही उघड कबुलीच पुढे मेटॅलिकाची ओळख बनली.

या दोन आवृत्त्या पाठोपाठ ऐकण्यासारख्या आहेत. डायमंड हेडचा शॉन हॅरिस नाटकी, लवचिक आवाजात एक सूडकथा रंगवतो, तर हेटफील्ड ती जवळजवळ ओरडून फेकतो. मात्र त्याचा उजवा हात प्रत्येक स्वर खालच्याच दिशेने मारत रिफला जी धार देतो, ती मूळ ध्वनिमुद्रणात नाही. टॅटलरच्या सोलोची रूपरेषा मेटॅलिकाचा गिटारवादक कर्क हॅमेट याने बरीचशी तशीच राहू दिली, आणि ते योग्यच केले. गायनात डायमंड हेड सरस, ठेक्यात मेटॅलिका, असा माझा निवाडा आहे. एवढा मुद्दाम तोलून पाहावासा वाटणे, हेच त्या कव्हरचे यश आहे.

सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बस उलटून मेटॅलिकाचा बास वादक क्लिफ बर्टन गेला. जेसन न्यूस्टेड त्याच्या जागी आला, आणि नव्या माणसासह पुन्हा वाजवायला शिकण्यासाठी बँड परत जुन्या गाण्यांकडे वळला. ऑगस्ट १९८७ मध्ये आलेल्या 'गॅरेज डेज री-रिव्हिजिटेड' या छोट्या रेकॉर्डच्या नावातच तिची पाच डॉलर अठ्ठ्याण्णव सेंट ही किंमत छापलेली होती, म्हणजे दुकानदारांनी जास्त पैसे घेऊ नयेत. डायमंड हेड, एडिंबराचा होलोकॉस्ट, लंडनचा किलिंग जोक, कार्डिफचा बजी आणि न्यू जर्सीचा मिसफिट्स यांची गाणी त्यांनी सहा दिवसांत वाजवून संपवली. मेटॅलिकाच्या सर्व ध्वनिमुद्रणांत हे मला सर्वांत जवळचे आहे. होलोकॉस्टचे 'द स्मॉल अवर्स' ज्या संथ, दबा धरलेल्या चालीने येते, ती त्या काळच्या मेटॅलिकात दुसरीकडे कुठे सापडत नाही. आणि न्यूस्टेडचा बास इथे ठणठणीत ऐकू येतो, जो पुढच्याच वर्षी 'अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये जवळजवळ पुसून टाकला गेला. त्या अल्बमची गाणी थोर आहेत, पण त्यातील ही उणीव मला आजही मान्य होत नाही, आणि हे छोटे ध्वनिमुद्रण तिच्याविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

या रेकॉर्डींमुळे विस्मृतीत गेलेले ब्रिटिश बँड जगभर शोधले जाऊ लागले, आणि स्वतःच्या रेकॉर्डींनी जे दिले नाही ते मानधन टॅटलरला मेटॅलिकाच्या कव्हरांनी मिळवून दिले. १९९० मध्ये उलरिकने, 'साउंड्स'मध्ये त्या लाटेविषयी लिहिणारा पत्रकार जेफ बार्टन याच्यासह, तेव्हाच्या मूळ गाण्यांचा एक संग्रहही काढला. २०२० मध्ये डायमंड हेडने आपली ती पहिली रेकॉर्ड नव्याने वाजवून काढली, तेव्हा तिला जोडलेल्या चार कव्हरांत डीप पर्पल, लेड झेपेलिन आणि जूडास प्रीस्टबरोबर मेटॅलिकाचे 'नो रिमोर्स'ही होते.

नव्वदीच्या दशकात आदरांजलीच्या अल्बमांचे पेव फुटले. त्यांतला १९९४ चा 'नेटिव्हिटी इन ब्लॅक' हा ब्लॅक सॅबथच्या गाण्यांचा संग्रह अजून ऐकण्याजोगा आहे, विशेषतः ब्राझीलच्या सेपल्टुराने वाजवलेले 'सिम्प्टम ऑफ द युनिव्हर्स'. त्याच वर्षी पँटेराने 'फार बियाँड ड्रिव्हन' या अतिशय आक्रमक अल्बमचा शेवट सॅबथच्या 'प्लॅनेट कॅरव्हॅन' या मंद, तरंगत्या गाण्याने केला, आणि असा धीर फार थोड्यांनी दाखवला आहे. स्लेयरने १९९६ मध्ये 'अनडिस्प्युटेड ॲटिट्यूड'वर आपल्या आवडीची हार्डकोअर पंक गाणी वाजवली. त्यातली निष्ठा खरी आहे, पण जी गाणी आधीच वेगवान होती त्यांत भर घालायला फारसे काही उरले नव्हते. १९८८ मध्ये याच बँडने 'साउथ ऑफ हेवन'वर केलेले प्रीस्टचे 'डिसिडंट ॲग्रेसर' मला 'अनडिस्प्युटेड ॲटिट्यूड' या संपूर्ण अल्बमपेक्षा मोलाचे वाटते.

मेटॅलिकाचा १९९८ चा 'गॅरेज इन्क.' दोन डिस्कचा होता. दुसरीवर जुनी कव्हरे एकत्र केली होती, पहिलीवर नवी. आयरिश लोकगीताचे थिन लिझीने १९७२ मध्ये घडवलेले रूप डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या 'व्हिस्की इन द जार'ला ग्रॅमी पुरस्कार मिळाला, आणि ते गोड आहे यात शंका नाही. पण नव्या गाण्यांपैकी बरीच अशा बँडने वाजवल्यासारखी वाटतात, ज्याला आता काही सिद्ध करायचे उरलेले नाही. मर्सिफुल फेट या डॅनिश बँडच्या गाण्यांची अकरा मिनिटांची गुंफण हा त्याला अपवाद. ती ऐकताना उलरिकमधला तो डॅनिश मुलगा पुन्हा जागा झाल्यासारखा वाटतो.

मुंबईत ऐंशीच्या दशकात रॉक बँड मुख्यतः पाश्चात्त्य गाण्यांची कव्हरेच वाजवत, आणि धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून होऊ लागलेल्या इंडिपेंडन्स रॉकच्या मंचावरही ती मोठ्या प्रमाणावर ऐकू येत. १९८४ मध्ये उभा राहिलेला आणि पुढे इंडस क्रीड म्हणून ओळखला गेलेला रॉक मशीन हा बँड १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांच्या अल्बमपर्यंत पोहोचला तो याच वाटेने. २००० मध्ये सुरू झालेल्या डेमॉनिक रेझरेक्शनच्या पिढीने स्वतःची गाणी हाच मुख्य आधार मानला. दिल्लीच्या ब्लडीवूडने सुरुवातीला लोकप्रिय भारतीय गाण्यांचीच मेटल कव्हरे केली आणि नंतर आपला आवाज शोधला. त्यांच्या बाबतीत माझी पसंती निःसंशय नंतरच्या कामाला आहे, पण ते काम आधीच्या सरावाशिवाय घडले नसते. २०२१ मध्ये मेटॅलिकाच्या, 'काळा अल्बम' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १९९१ च्या अल्बमला तीस वर्षे झाल्याबद्दल निघालेल्या संग्रहात ५३ कलाकारांनी त्यातली गाणी आपापल्या पद्धतीने सादर केली. त्यांत 'द अनफर्गिव्हन' हे गाणे मुंबईच्या विशाल ददलानी, डिव्हाइन आणि शोर पोलीस यांच्या वाट्याला आले. ददलानी पेंटाग्राम या मुंबईच्या रॉक बँडमधून घडलेला गायक आहे, आणि या आवृत्तीत जो जोर आहे तो मला त्या वर्षांचा वाटतो.