पेशी मागे फिरते तेव्हा: बेडकाच्या अंड्यापासून चार जनुकांपर्यंत

त्वचेची पेशी त्वचेचीच राहते, यकृताची यकृताचीच. असे का, याचे उत्तर जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइसमान यांनी १८९२ मध्ये दिले आणि ते बराच काळ टिकले. गर्भ वाढताना आनुवंशिक माहितीची वाटणी होते, प्रत्येक पेशीच्या वाट्याला तिच्या कामापुरताच भाग येतो आणि सगळा ऐवज फक्त प्रजननपेशींकडे राहतो, असे त्यांचे म्हणणे. ते खरे असेल, तर वाढलेल्या पेशीला गर्भावस्थेत परत जाण्याची वाटच उरत नाही. जास्वंदीची फांदी कुंडीत खोचून नवे झाड करणाऱ्याला शंका यायला हरकत नव्हती, पण प्राण्यांची गोष्ट वेगळी मानली जात होती.

याची परीक्षा कशी घ्यावी, हे हान्स श्पेमान यांनी १९३८ मध्येच सुचवले होते. वाढलेल्या पेशीचे केंद्रक, म्हणजे आनुवंशिक माहिती असलेला गाभा, काढायचे, केंद्रक नसलेल्या अंड्यात घालायचे आणि काय होते ते पाहायचे. प्रत्यक्षात ते जमायला १९५२ उजाडले. फिलाडेल्फियात रॉबर्ट ब्रिग्ज आणि थॉमस किंग यांनी बेडकाच्या अगदी कोवळ्या गर्भातली केंद्रके वापरली आणि टॅडपोल (बेडकाची शेपटीवाली पिल्ले) मिळवले. केंद्रक जितक्या पुढच्या अवस्थेतले, तितके अपयश जास्त. त्यामुळे वाइसमान यांचे पारडे पुन्हा जड झाले.

ऑक्सफर्डमध्ये जॉन गर्डन नावाचा तरुण हाच प्रयोग झेनोपस या आफ्रिकी बेडकावर करत होता. (शाळेत जीवशास्त्रात तळाला असलेला मुलगा ही त्यांची गोष्ट प्रेरणादायी भाषणांत इतकी घासली गेली आहे, की ती इथे पुरे.) त्यांनी केंद्रके घेतली ती पोहणाऱ्या, खाऊ लागलेल्या टॅडपोलच्या आतड्यातून. १९६२ च्या शोधनिबंधात ७२६ प्रयत्नांतून १० टॅडपोल नीट वाढल्याची नोंद आहे. दीड टक्कासुद्धा नाही. पण इथे टक्केवारीला महत्त्व नव्हते. माहिती खरोखर फेकून दिली जात असती, तर एकही वाढायला नको होता.

शंका घेणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला होता: अंड्याचे स्वतःचे केंद्रक चुकून शिल्लक राहिले नसेल कशावरून? अंड्याचे केंद्रक गर्डन अतिनील किरणांनी नष्ट करत. शिवाय त्यांच्याकडे एक भारी खूण होती. झेनोपसच्या पेशीच्या केंद्रकात साधारणपणे दोन गडद ठिपके दिसतात. त्यांच्या प्रयोगशाळेत एकच ठिपका असलेला वाण सापडला होता. केंद्रक त्या वाणाचे घ्यायचे, अंडे साध्या बेडकाचे. वाढलेल्या पिल्लाच्या पेशीत एकच ठिपका दिसला, की वंश कुणाचा हे सूक्ष्मदर्शकाखाली ठरे. या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी युक्ती हीच. पुढे, १९६६ मध्ये, आतड्याच्या केंद्रकांपासून वाढलेले बेडूक प्रौढ होऊन प्रजननक्षम असल्याचेही दाखवले गेले.

तरी वाद मिटला नाही. प्रौढ बेडकाच्या त्वचेतून घेतलेल्या केंद्रकांपासून टॅडपोल मिळत, प्रौढ बेडूक मिळत नसत. सस्तन प्राण्यांत तर १९८४ मध्ये मॅकग्रा आणि सोल्टर यांनी उंदरांवरच्या प्रयोगांनंतर केंद्रक बदलून क्लोन करणे जैविकदृष्ट्या अशक्य असल्याचे लिहिले. बारा वर्षांनी, जुलै १९९६ मध्ये, स्कॉटलंडच्या रॉस्लिन संस्थेत डॉली जन्मली. सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतली पेशी, २७७ प्रयत्न, एक कोकरू.

आता माहिती शाबूत असते हे नक्की झाले. मात्र तिचे कुलूप उघडत होते ते अंड्यातच, आणि अंड्यात नेमके काय आहे हे कुणालाच सांगता येत नव्हते. इथे दुसरा एक धागा येऊन मिळतो. १९८७ मध्ये अमेरिकेत हॅरल्ड वाइनट्रॉब यांच्या गटाने मायोडी हे एकच जनुक घालून संयोजी ऊतीच्या पेशीचे स्नायूपेशीत रूपांतर केले होते. पेशीची ओळख मूठभर जनुकांच्या हातात असू शकते, हा त्याचा अर्थ. १९८१ मध्ये उंदराच्या आणि १९९८ मध्ये माणसाच्या भ्रूणातून मूलपेशी, म्हणजे शरीरातली कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या पेशी, वेगळ्या झाल्या. भ्रूण नष्ट करावे लागते म्हणून मानवी पेशींवरून नैतिक वादही पेटला.

शिन्या यामानाका मूळचे अस्थिरोग विभागातले डॉक्टर. शस्त्रक्रियेत हात चालत नाही म्हणून संशोधनाकडे वळलेले. भ्रूणीय मूलपेशीला तसे ठेवणारे घटकच प्रौढ पेशीला तिथे नेऊ शकतील, असा त्यांचा अंदाज होता. त्यांनी २४ जनुके निवडली. परीक्षेसाठी वापरलेला उंदीरही मजेदार. एफबीएक्स-१५ हे जनुक मूलपेशींत चालू असते, पण ते काढले तरी उंदराचे काही अडत नाही. त्या जागी त्यांनी पेशी मारणाऱ्या औषधापासून पेशीला वाचवणारे जनुक बसवले. आता पेशी मूलपेशीसारखी झाली तरच औषधातून वाचणार.

एकेक जनुक घालून काही झाले नाही. सहकारी काझुतोशी ताकाहाशी यांनी चोवीसही एकदम घातली आणि वसाहती उगवल्या. मग एकेक वगळत गेले. ज्याच्याविना काम अडते ते ठेवायचे. उरली चार: ऑक्ट-३/४, सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक. याच सुमारास दक्षिण कोरियातल्या ह्वांग वू-सुक यांची मानवी क्लोनिंगमधली लबाडी उघड होत होती, त्यामुळे या गटाने जाहीर करण्याआधी निकाल पुन्हा पुन्हा तपासले. ऑगस्ट २००६ मध्ये उंदराच्या पेशींचा शोधनिबंध आला, नोव्हेंबर २००७ मध्ये माणसाच्या. त्याच दिवशी विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांच्या गटानेही थोड्या वेगळ्या चार जनुकांनी तेच साधल्याचे जाहीर केले. २०१२ चे नोबेल गर्डन आणि यामानाका यांना मिळाले.

चारांतले सी-मिक हे कर्करोगाशी जोडलेले जनुक. सुरुवातीच्या प्रयोगांत अशा पेशींपासून जन्मलेल्या उंदरांना गाठीही झाल्या. म्हणून रुग्णांपर्यंतचा प्रवास सावध राहिला. २०१४ मध्ये कोबेला मासायो ताकाहाशी यांच्या गटाने एका वृद्धेच्या डोळ्यात तिच्याच पेशींपासून बनवलेला पडद्याचा थर बसवला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल दिसल्याने मात्र थांबावे लागले. क्योटोत पार्किन्सन्सच्या सात रुग्णांवर अशाच पेशी वापरून झालेल्या चाचणीचे निकाल २०२५ मध्ये आले. गंभीर दुष्परिणाम नव्हते, पण रुग्ण मोजके होते.

हल्ली गाजते ते अर्धवट पुनर्प्रोग्रॅमिंग: पेशीला पूर्ण मागे न नेता थोडेच ढकलायचे. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात अकाली वार्धक्य येणाऱ्या उंदरांचे आयुष्य यातून वाढले. २०२० मध्ये सी-मिक वगळून तीनच जनुकांनी इजा झालेल्या दृष्टिचेतेचे तंतू उंदरांत पुन्हा वाढवल्याचे प्रसिद्ध झाले. ‘तारुण्य परत’ असे मथळे देणाऱ्यांनी यातला उंदीर हा शब्द जरा मोठ्या टायपात छापावा.