जातिनामाच्या शेवटी एक ‘आय’ की दोन?

खरचुडी या रानवनस्पतीच्या दोन जातींची शास्त्रीय नावे शेजारी ठेवली, की नवख्या अभ्यासकाचा हमखास गोंधळ उडतो. ‘सेरोपेजिया हुबेरी’ या नावाच्या शेवटी रोमन लिपीत एकच ‘आय’ आहे, तर ‘सेरोपेजिया लॉवी’च्या शेवटी दोन. दोन्ही जातिनामे पुरुषांच्या आडनावांवरून आली आहेत, दोन्ही शेवट लॅटिनमधील षष्ठीच्या एकवचनाचे आहेत आणि अर्थही एकच, ‘अमक्याची’. दोन ‘आय’ म्हणजे दोन माणसे, ही समजूत निराधार आहे; अनेक माणसांसाठी ‘-ओरम’ किंवा ‘-आरम’ असा वेगळा शेवट असतो.

फरक पडतो तो मूळ नावाच्या अखेरच्या अक्षरामुळे. वनस्पतींच्या नामकरणसंहितेतील ६०व्या कलमानुसार पुरुषाचे नाव स्वरान्त असेल, तर त्याला फक्त षष्ठीचा ‘आय’ जोडायचा आणि व्यंजनान्त असेल, तर आधी सांधा म्हणून एक ‘आय’ घालून मग षष्ठीचा लावायचा. म्हणून पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ महाबळे आणि फादर सांतापाऊ यांच्या नावांच्या खरचुडींना एक ‘आय’ पुरतो, पण लॉ यांच्या आडनावाचे स्पेलिंग ‘डब्ल्यू’ने संपत असल्यामुळे तेथे दोन लागतात, उच्चार येथे ग्राह्य धरला जात नाही. हुबर हे नाव व्यंजनान्त असूनही एकावर भागते, कारण ‘ईआर’ने संपणाऱ्या नावांना अपवाद आहे. ‘ए’ने संपणाऱ्या नावांना मात्र ‘ई’ जोडतात, त्यामुळे रोला शेषगिरी राव यांच्यावरून आलेले ‘रोली’ हे नाव स्त्रीचे असल्यासारखे दिसते.

सर्वांत फसवे उदाहरण जीवाश्मांतले आहे. राजमहाल टेकड्यांतील ‘पेंटॉक्सिलॉन साहनी’ या अश्मीभूत वनस्पतीच्या नावाअखेर दोन ‘आय’ दिसतात, पण त्यांतला पहिला बिरबल साहनी यांच्या आडनावातलाच आहे. तो सांधा समजून गाळला, तर षष्ठीच नाहीशी होते.

जीवाश्म म्हटला की एकच नियम, असेही नाही. अश्मीभूत वनस्पतीला वनस्पतींची संहिता लागू होते आणि डायनासोरला प्राण्यांची. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावच्या डायनासोरला १९९७ साली अमेरिकन पुराजीवशास्त्रज्ञ कोल्बर्ट यांच्यावरून ‘कोल्बर्टी’ हे जातिनाम मिळाले (आजचे पूर्ण नाव ‘इसिसॉरस कोल्बर्टी’), आणि त्यात ‘टी’नंतर एकच ‘आय’ आहे. हेच नाव वनस्पतीला दिले असते, तर तेथे दोन ‘आय’ लिहावे लागले असते.

प्राण्यांच्या संहितेत मूळ लेखकाने एक लिहिला की दोन, यालाच महत्त्व असते आणि नंतर कोणी जाणूनबुजून बदल केला, तरी ते चुकीचे लेखन ठरते. याउलट वनस्पतीच्या नावातील असा चुकलेला शेवट नियमाप्रमाणे सुधारून घेतला जातो आणि त्यामुळे नाव देणारा किंवा वर्ष बदलत नाही. माझ्या मते वनस्पतींची पद्धत शिकायला सोपी आहे, पण प्राण्यांची पद्धत वापरायला निर्धोक, कारण तेथे माणसाच्या नावाचे स्पेलिंग शोधत बसावे लागत नाही, मूळ लेख उघडला की काम भागते. घोणशीचे जातिनाम पॅट्रिक रसेल यांच्यावरून आहे. त्यांच्या आडनावात दोन ‘एल’ असले, तरी सापाच्या नावात आजही एक ‘एल’ आणि दोन ‘आय’ असेच लिहिले जाते.