मनातले मांडे, बेळगावचे मांडे

'मनात मांडे, पदरात धोंडे' ही म्हण साऱ्या मराठी मुलखाची, पण मुंबई-पुण्याकडे ती वापरणाऱ्या कित्येकांनी मांडा डोळ्यांनी पाहिलेला नसतो. बेळगावात तो मिठाईच्या दुकानात मिळतो. पालथ्या कढईवर भाजलेली पापुद्र्यासारखी पातळ पोळी, आत पिठीसाखर, खसखस, वेलची. उतरवल्या उतरवल्या घडी घालावी लागते. जरा रेंगाळले की कडक होऊन तुकडे. खायचा तो दुधात कुस्करून, वर तुपाची धार. खानदेशातला खापरावरचा पुरणाचा मांडा नावाने सख्खा, चवीला परका.

शब्द जुना. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य दरबारात रचलेल्या संस्कृत 'मानसोल्लासा'त 'मण्डक' आहे. मुक्ताईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजल्याची कथा सगळ्यांना पाठ आहे.

खरा गुंता पुढेच. कन्नडात याला 'मंडिगे' म्हणतात आणि मनातल्या मनात मंडिगे खाणे हा वाक्प्रचार तिथेही जसाच्या तसा आहे. मग कुणी कुणाचा उचलला? यावर इथे तावातावाने बोलणारे दोन्हीकडे भेटतात. मला तो वादच पोकळ वाटतो: एका मण्डकाची ही दोन लेकरे, आणि म्हण शेजारपाजारातून इकडची तिकडे गेली असणार. लाडू सोडून मांडेच का, हे मात्र विचारण्याजोगे. लाडू कुणीही वळतो. मांडा हातावर फिरवत मोठा करायला सराईत हात लागतो, तूप-साखर लागते, म्हणून तो लग्नकार्यात. ऐपत नसलेल्याने तो मनातच खायचा.

१९५६ नंतर या शब्दाला इथे वेगळीच धार आली. भाषावार प्रांतरचनेत बेळगाव पलीकडे गेले. सीमावादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाने २६४ गावे महाराष्ट्राला देऊ केली, पण बेळगाव शहर ठेवले कर्नाटकातच. ज्या शहरासाठी सारे चालले होते तेच वगळून बाकीचे देऊ करायचे, हा कसला निवाडा? महाराष्ट्राने तो नाकारला, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालय गाठले. तेव्हापासून सीमाभागाच्या आशेला 'मनातले मांडे' म्हणून हिणवणारे कट्ट्याकट्ट्यावर आहेत, आणि त्यात मराठी बोलणारेही आहेत.

२०२४ च्या कायद्याने पाट्यांवर ६० टक्के कन्नड सक्तीचे झाले. दुकानात गिऱ्हाईक अजून 'चार मांडे बांधा हो' असेच म्हणते.