फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं का खुपसतो?

शाळेचा किंवा लग्नाचा जुना ग्रुप फोटो काढला जाताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना तिपाईवरचा लाकडी कॅमेरा आणि काळ्या कापडात गडप झालेला फोटोग्राफर आठवत असेल. ते कापड फिल्मला उजेड लागू नये म्हणून असतं, असा अनेकांचा समज असतो. पण फिल्म तिच्या होल्डरमध्ये अंधारातच असते. कापड लागतं ते माणसाच्या डोळ्यांसाठी.

या कॅमेऱ्यात भिंगातून आलेली प्रतिमा मागच्या दुधी काचेवर, म्हणजे ग्राउंड ग्लासवर उमटते. ती उलटी असते, डावं-उजवं बदललेलं असतं आणि फार अंधुक असते. किती अंधुक, याचा हिशेब मांडता येतो. ८ × १० इंची फिल्मच्या कॅमेऱ्याला ३०० मिलिमीटरचं भिंग लावलं, अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं भिंगाचं छिद्र, एफ ५.६ ठेवलं आणि माणसाला भिंगापासून दीड मीटरवर बसवलं, असं समजा. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर जेवढा प्रकाश पडतो, त्याचा जेमतेम दोनशेवा भाग काचेवरच्या सदऱ्याच्या वाट्याला येतो. दूरच्या डोंगराचा फोटो असता तर हाच भाग सव्वाशेवा असता. पण माणूस जवळ असला की भिंग काचेपासून आणखी लांब न्यावं लागतं, इथे साडेसदतीस सेंटिमीटरवर, आणि प्रकाश आणखी विरळ होतो.

आता ही काच त्याच उजेडात मागून उघडी ठेवून पाहा. सदऱ्यावर पडतो तेवढाच प्रकाश तिच्या पाठीवरही पडतो. त्यातला फक्त दहावा हिस्सा काचेने डोळ्यांकडे परतवला, तरी तो प्रतिमेतल्या सर्वांत उजळ जागेच्या वीसपट भरतो. दुपारच्या खेळाला कुणी थिएटरचं दार सताड उघडावं, तसं होतं. पडद्यावर पडणारा प्रकाश तेवढाच असतो, पण काळं काळं राहत नाही.

आणि खरी गोम त्या काळ्यातच आहे. बाहेरचा उजेड सगळीकडे सारखाच मिसळतो, त्याचा मार मात्र सावल्यांना बसतो. कपाळाची उजळ जागा १०० आणि हनुवटीखालची सावली ३ धरली, तर फरक तेहतीसपट आहे. त्यात नुसता २० एवढा उजेड मिसळला, की आकडे १२० आणि २३ होतात. फरक उरतो पाचपट. पापणीचे केस नेमके कुठे रेखीव होतात, हे उजळ-गडदच्या बारीक फरकावरूनच कळतं. तो फरक पुसला गेला, की फोकस नुसत्या अंदाजाने करावा लागतो.

पोर्ट्रेटमध्ये अंदाज चालत नाही. वरच्या मांडणीत पुढून मागे साधारण साडेचार सेंटिमीटरपुरताच चेहरा स्पष्ट येतो; डोळा धरला तर कान सुटतो. शिवाय फिल्म होल्डर सरकवला की काच झाकली जाते आणि प्रतिमा दिसेनाशी होते. अमेरिकन फोटोग्राफर रिचर्ड अ‍ॅव्हेडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या माणसांची पोर्ट्रेटं ८ × १० इंची कॅमेऱ्यावर काढली. फोटो घेताना ते कॅमेऱ्यामागे नव्हे, त्याच्या बाजूला उभे राहून समोरच्याशी नजर भिडवत. काचेवर पाहायचं ते सगळं त्याआधीच पाहून झालेलं असे. म्हणूनच कापडाखालची ती थोडी मिनिटं मला या सगळ्या कामात सर्वांत मोलाची वाटतात.

तिथे घाई करू नये. उन्हातून आत शिरल्यावर डोळ्याची बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण बारीक तपशील टिपणाऱ्या शंकुपेशींना अंधाराला सरावायला काही मिनिटं लागतात. मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशींना अर्धा तास लागतो, पण फोकससाठी त्यांची वाट पाहायची गरज नाही. त्यांना बारकावे दिसत नाहीत.

कापड आतून काळंच हवं, बाहेरून पांढरं असलं तर उन्हात कमी तापतं. ते मानेभोवती आणि कॅमेऱ्याखाली नीट गुंडाळून घ्यावं, कारण उजेड बहुतेक वेळा खालून शिरतो. आणि अंगात गडद शर्ट असावा. खालून आलेला उजेड पांढऱ्या शर्टावर आपटून थेट काचेवर जातो, आणि कापड असूनही सावल्या फिकटच राहतात.