पपई आणि गरोदरपण

दिवस गेलेल्या बाईने पपई खायची नाही ही महाराष्ट्र-गोव्यात, भारतात बहुतेक ठिकाणी आणि आशियाच्या इतरही काही भागांत पाळली जाणारी प्रथा. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं, पपई उष्ण, पोट पडतं. कच्ची की पिकलेली हे मात्र सहसा कुणी विचारत नाही आणि सगळा घोळ तिथेच आहे.

प्रथा फार जुनी असं समजलं जातं पण तिला वरची मर्यादा आहे. पपई मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची, भारतात आली बहुधा सोळाव्या शतकात, त्यामुळे चरक-सुश्रुतात ती सापडणं शक्यच नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीचा महिनावार आहार आहे, पहिल्या महिन्यात साधं दूध, तिसऱ्यात मध-तूप घातलेलं, चौथ्यात दुधाबरोबर लोणी असा. पपई त्यात हो म्हणूनही नाही आणि नको म्हणूनही नाही, तेव्हा "चरकाने पपई निषिद्ध सांगितलीये" असे जे फॉरवर्ड फिरतात त्यांत दम नाही. एरंडकर्कटी हे संस्कृत नावही मागाहून पाडलेलं दिसतं, पानं एरंडासारखी म्हणून. एवढं खरं की अति उष्ण, अति तीक्ष्ण पदार्थ गर्भाला बाधतात असं चरकात आहे, आणि बाहेरून आलेलं हे चिकाचं फळ लोकांनी त्याच खान्यात टाकलं असावं.

ते आलं कुठल्या वाटेने यावर दोन मतं आहेत. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून थेट गोव्यात आणलं असं बरेच जण लिहितात. पण यान हाउखेन फान लिन्सखोतेन हा डच माणूस १५८३ पासून काही वर्षं गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता, त्याने १५९६ च्या पुस्तकात पपई स्पॅनिश मुलखातून फिलिपिन्समार्गे मलाक्का आणि तिथून भारतात आली असं नोंदवलंय. त्या काळातल्या, त्याच गावात राहिलेल्या माणसाची साक्ष म्हणून ही पूर्वेकडची वाट जास्त पटते, अर्थात दोन्हीकडून बिया आल्या असतील तर त्यातही नवल नाही.

आता चीक. हिरव्या पपईला नखाने ओरखडलं तरी पांढरा चीक येतो, बोटाला लागून राहिला तर चुरचुरतो. त्यात पपेन, कायमोपपेन ही प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात, म्हणून तर जून मटण शिजायला कच्च्या पपईचा कीस चोळतात. फळ पिकत जातं तसा चीक कमी होतो, पूर्ण पिकलेल्यात जवळजवळ उरत नाही. सिंगापूरच्या नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २००२ मध्ये हे उंदरांवर तपासलं: पिकलेल्या पपईचा रस पाजलेल्या गाभण माद्यांच्या पिल्लांच्या संख्येत फरक पडला नाही, गर्भाशयाच्या स्नायूपट्टीवर रस टाकला तरी ती आखडली नाही, कच्चा चीक टाकल्यावर मात्र ती ऑक्सिटोसिन (प्रसूतीच्या कळा आणणारं संप्रेरक) दिल्यासारखी आखडली. प्रयोग उंदरांवरचा आहे, माणसाला तसाच्या तसा लावता येत नाही, तरी आजीबाईंचं म्हणणं अर्धं खरं निघालं म्हणायचं. (बियांची गोष्ट वेगळी. त्यांच्या अर्काचे जयपूरला नर लंगुरांवर प्रयोग झाले, शुक्रजंतू कमी करण्यासाठी, म्हणजे तिथे प्रश्न बापाचा!)

व्यवहारात बरेच डॉक्टर कच्ची आणि अर्धकच्ची पपई टाळायला सांगतात, पूर्ण पिकलेली थोडी खायला हरकत नाही म्हणतात. १०० ग्रॅम पिकलेल्या पपईत साधारण ६० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, शिवाय फोलेट आणि तंतू, ज्याचा या दिवसांतल्या बद्धकोष्ठाला उपयोग होतो. बाहेरून पिवळी पण देठाशी हिरवट आणि दाबल्यावर टणक असेल तर ती पिकलेली धरू नये. रबराच्या हातमोज्यांची अॅलर्जी असणाऱ्यांना पपईही बाधू शकते, आणि गरोदरपणात शुगर वाढलेली असेल तर किती खायची ते डॉक्टरांना विचारून.

बेकरीतली लाल-हिरवी टूटीफ्रूटी बहुतेक वेळा कच्च्या पपईचीच असते, पण तुकडे उकळून पाकात मुरवलेले असतात. तिला कुणी नावं ठेवत नाही.